दूषित भूजलाचे शोधन : रसायने आणि सूक्ष्मजीव यांची सांगड

विहिरीचे पाणी बिघडले म्हणजे ती उपसावी, तळाचा गाळ काढावा आणि झऱ्यांचे नवे पाणी भरू द्यावे, ही रीत खेडोपाडी पूर्वापार चालत आलेली आहे. पालापाचोळा कुजल्यामुळे किंवा पावसाळ्यात ओढ्याचे पाणी आत शिरल्यामुळे झालेला बिघाड या उपायाने दूर होतो. कारण तो बिघाड विहिरीपुरता असतो, झऱ्यांत नसतो. परंतु ज्या खडकातून व वाळूतून झरे येतात, तेथेच विष मुरलेले असेल तर विहीर कितीही वेळा उपसली तरी तिच्यात पुन्हा दूषित पाणीच भरणार. औद्योगिक युगाने हा नवा प्रश्न उभा केला आहे. त्याचे स्वरूप काय आणि त्यावर विज्ञानाने कोणते उपाय शोधले आहेत, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

बिछडी गावाची विहीर

राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. 1988 च्या सुमारास गावाजवळच्या एका कारखान्यात ‘एच-आम्ल’ नावाचे रसायन तयार होऊ लागले. कापड रंगविण्याचे अनेक रंग बनविताना या रसायनाचा उपयोग होतो. उत्पादन फार काळ चालले नाही; जानेवारी 1989 मध्ये ते बंद पडले. तेवढ्या अवधीत सुमारे 375 टन एच-आम्ल तयार झाले. पण त्याबरोबर सुमारे 8,250 घनमीटर विषारी सांडपाणी आणि सुमारे 2,440 टन घनरूप टाकाऊ पदार्थ निर्माण झाले. सांडपाणी शुद्ध न करताच मोकळे सोडले गेले आणि गाळ उघड्यावर टाकला गेला. पावसाच्या पाण्याबरोबर हे विष जमिनीत उतरले. विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना पिण्यास, गुरांना पाजण्यास आणि शेतीस देण्यास निरुपयोगी ठरले. लोकांचा क्षोभ इतका वाढला की तेथे जमावबंदीचा हुकूम काढावा लागला.

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून निघालेला कस्तुरबा गांधी मार्ग इंडिया गेटपाशी येऊन मिळतो. महाराष्ट्राचे नवे सदन याच मार्गावर आहे. इंडिया गेटला वळसा घालून पुढे गेले की लोकमान्यांचे नाव धारण करणारा टिळक मार्ग लागतो आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची वास्तू दिसते. बिछडीचे गाऱ्हाणे 1989 मध्ये एका लोकहितार्थ अर्जाच्या रूपाने या न्यायालयात आले. प्रदूषणाची शास्त्रीय तपासणी करण्याचे काम नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले. ही संस्था 1958 साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी स्थापन झाली असून तिचे आजचे नाव तिला 1974 मध्ये मिळाले. संस्थेने 1994 च्या अहवालात ग्रामस्थांना द्यावयाच्या भरपाईचा अंदाज 342.8 लाख रुपये इतका केला आणि विहिरींचे पाणी व माती पूर्ववत करण्याचा खर्च 3,738.5 लाख रुपये इतका दर्शविला. दूषित करणाऱ्यानेच शुद्धीकरणाचा खर्च सोसला पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने 13 फेब्रुवारी 1996 रोजी दिला. ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याविषयी न्यायालयाला 18 जुलै 2011 रोजी पुन्हा आदेश द्यावा लागला.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. जमिनीत विष जाण्यास जेमतेम एक वर्ष पुरले; ते काढण्याचा प्रश्न मात्र दोन दशकांनंतरही न्यायालयापुढे होता. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम भूजलाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

भूजल कोठे असते?

जमिनीखाली पाण्याचे मोठे तळे किंवा वाहती नदी असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः भूजल हे वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत आणि खडकांच्या भेगांत साठलेले असते. ज्या थरातून ते सहज मिळू शकते त्याला जलधर थर असे म्हणतात. या पोकळ्यांतून पाणी अतिशय मंद गतीने सरकते. अनेक ठिकाणी त्याची गती दिवसास काही सेंटिमीटर इतकीच असते. नदीत सोडलेली घाण पुराबरोबर वाहून जाते. भूजलात शिरलेली घाण मात्र पिढ्यान् पिढ्या तेथेच राहू शकते.

दुसरी अडचण अशी की, दूषित द्रव्य केवळ पाण्यातच राहत नाही. त्याचा काही भाग मातीच्या कणांना चिकटतो, तर काही भाग चिकणमातीच्या बारीक थरांत हळूहळू शिरून बसतो. पंपाने पाणी उपसून वर शुद्ध केले, तर सुरुवातीस प्रदूषण झपाट्याने घटते. पुढे ते घटेनासे होते. पंप थांबविला की चिकणमातीत दडलेले द्रव्य पुन्हा पाण्यात उतरू लागते. कपड्यावर पडलेला तेलाचा डाग धुतल्यावर गेलासा वाटावा आणि वाळल्यावर पुन्हा दिसावा, तसाच हा प्रकार होय.

तिसरी गोष्ट प्रमाणाची आहे. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा कर्कजनक पदार्थ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात तो 10 मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लक्षांशापेक्षा, अधिक असू नये. या हिशेबाने एक किलोग्रॅम बेंझीन सुमारे दहा कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत दूषित करू शकते. म्हणून शंभरातील नव्याण्णव भाग द्रव्य काढून टाकले तरी उरलेला एक भाग उपद्रवी ठरतो.

पहिला उपाय : ऑक्सिडीभवन

उपसा करूनही विष निघत नसेल तर ते जागच्या जागी नष्ट करणे हा दुसरा मार्ग उरतो. लाकूड जळते तेव्हा त्यातील कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू बनतो. हीच क्रिया पाण्यात, ज्वालेवाचून, एखाद्या तीव्र ऑक्सिडीकारक रसायनाच्या साह्याने घडविता येते.

पोटॅशियम परमँगनेट हे असे एक रसायन आहे. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला ते अपरिचित नाही. पटकीची साथ आली म्हणजे विहिरीत ही जांभळी पूड टाकली जात असे. आग्रा येथे काम करणारे शास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या उपायाचा पुरस्कार केला होता. तेथे हेतू रोगजंतू मारण्याचा होता. भूजलाच्या शोधनात हेतू विषारी रेणू फोडण्याचा असतो, आणि म्हणून मात्राही फार मोठी लागते. धातूंचे सुटे भाग धुण्यासाठी वापरला जाणारा ट्रायक्लोरोएथिलीन हा द्रव घेतला, तर त्याच्या एका किलोग्रॅमच्या नाशास सैद्धांतिक हिशेबाने सुमारे 2.4 किलोग्रॅम परमँगनेट खर्ची पडते. प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक लागते. कारण मातीतील सेंद्रिय द्रव्य आणि काही खनिजे हीदेखील त्या रसायनाचा वाटा उचलतात.

दुसरे रसायन हायड्रोजन पेरॉक्साइड. केंब्रिज येथील रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी 1894 मध्ये असे प्रसिद्ध केले की, या पेरॉक्साइडला लोहाच्या क्षाराची जोड दिली असता टार्टारिक आम्लाचे जोमाने ऑक्सिडीभवन होते. या क्रियेत हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात, असे पुढे 1934 मध्ये हाबर व वाइस यांनी सुचविले. हे मूलक क्षणभरच टिकतात; परंतु त्या क्षणात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. ओझोन वायू आणि परसल्फेटाचे क्षार यांचाही असाच उपयोग केला जातो. ओझोन आणि पेरॉक्साइड जमिनीत थोडाच काळ टिकतात. परसल्फेट काही आठवडे ते महिने आणि परमँगनेट अनुकूल जमिनीत कित्येक महिने टिकू शकते.

या उपायाचा गुण म्हणजे वेग. वर्षानुवर्षे न हलणारी द्रव्ये काही दिवसांत किंवा आठवड्यांत फुटतात. दोष असे की रसायन महाग असते, ते निवड न करता सर्वांवरच क्रिया करते, आणि चिकणमातीत खोल शिरण्यापूर्वीच ते संपून जाऊ शकते. मग तेथे दडलेले विष पुन्हा बाहेर येते आणि नवी मात्रा द्यावी लागते.

दुसरा उपाय : सूक्ष्मजीवांचे कार्य

जमिनीत सूक्ष्मजीव अगणित असतात. त्यांपैकी कित्येक जाती खनिज तेलातील द्रव्यांवर उपजीविका करू शकतात. त्यांना तीन गोष्टी लागतात : अन्न, श्वसनासाठी ऑक्सिजन किंवा त्याच्या जागी चालेल असे दुसरे द्रव्य, आणि नायट्रोजन व फॉस्फरस यांसारखी पोषके. दूषित जागी अन्नाची वाण नसते. वाण असते ती ऑक्सिजनची. एक किलोग्रॅम बेंझीन पूर्णपणे पचविण्यास सुमारे तीन किलोग्रॅम ऑक्सिजन लागतो. उन्हाळी तापमानास हवेने संपृक्त झालेल्या एका लिटर पाण्यात तो अवघा आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एका किलोग्रॅमसाठी पावणेचार लाख लिटरांहून अधिक पाण्यातील ऑक्सिजन खर्ची पडेल. यावरून सूक्ष्मजीव जमिनीत हजर असूनही काम अडून का राहते, हे ध्यानात येईल.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात अँब्लर या गावी पेट्रोलची नळवाहिनी फुटली होती. तेथे रिचर्ड रेमंड या शास्त्रज्ञाने 1972 मध्ये विहिरींतून हवा व पोषके जमिनीत सोडून स्थानिक सूक्ष्मजीवांनाच कामास लावले. जैविक शुद्धीकरणाचा हा पहिला महत्त्वाचा प्रयोग समजला जातो. आज हवेऐवजी मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम यांची पेरॉक्साइडेही वापरतात. ती ओल लागली की ऑक्सिजन सावकाश सोडतात.

सर्वच विषे ऑक्सिजनच्या साह्याने पचत नाहीत. ट्रायक्लोरोएथिलिनासारख्या क्लोरीनयुक्त द्रव्यांच्या बाबतीत उलट परिस्थिती उपयोगी पडते. ऑक्सिजन नसलेल्या जागी राहणारे डीहॅलोकोकॉइड्स नावाचे सूक्ष्मजीव त्यांच्या रेणूतील क्लोरीनचे अणू एकामागून एक काढून घेतात. अखेरीस निरुपद्रवी एथिलीन वायू उरतो. मात्र ही साखळी मध्येच थांबली तर व्हायनिल क्लोराइड साचते आणि ते मूळ द्रव्याहूनही घातक असते. म्हणून सूक्ष्मजीवांवर काम सोपविणे याचा अर्थ स्वस्थ बसणे असा नव्हे. त्यांच्यावर सतत देखरेख ठेवावी लागते.

जैविक उपाय स्वस्त असतो, आणि विष जसजसे चिकणमातीतून बाहेर येते तसतसे सूक्ष्मजीव ते खात राहतात. परंतु तो मंद आहे. शिवाय जेथे विषाचे प्रमाण फार मोठे असते, तेथे सूक्ष्मजीवच मरतात. आणि काही रेणू इतके विचित्र घडणीचे असतात की त्यांना ते पचविताच येत नाहीत.

दोन्हींची सांगड

एका उपायाचा दोष हाच दुसऱ्याचा गुण आहे, हे आता दिसून येईल. जेथे विष दाट आहे तेथे रसायनाने आघात करावा. जेथे ते विरळ होऊन दूरवर पसरले आहे तेथे सूक्ष्मजीवांकडून शेवटचा अंश वेचून घ्यावा. शेतकरी प्रथम कुऱ्हाडीने झाडोरा तोडतो आणि मग खुरप्याने तण काढतो. दोन्ही हत्यारे एकाच शेतासाठी असतात, पण त्यांची वेळ निराळी असते.

येथे सहजच एक शंका निर्माण होते. पटकीचे जंतू मारणारे परमँगनेट जमिनीतील उपयुक्त सूक्ष्मजीवांनाही मारणार नाही काय? काही अंशी मारते, यात संशय नाही. रसायन सोडल्यानंतर सूक्ष्मजीवांची संख्या घटते, असे अनेक ठिकाणी आढळून आले आहे. परंतु जमिनीतील सर्व पोकळ्यांत रसायन पोहोचत नाही. बारीक फटींत काही जीव वाचतात, आणि आजूबाजूच्या भूजलाबरोबर नवे जीव येत राहतात. रसायनाचा जोर ओसरला की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्यांची वस्ती पुन्हा वाढते.

इतकेच नव्हे, तर रसायन जाता जाता त्यांच्यासाठी भूमी तयार करून जाते. मोठ्या रेणूंचे तुकडे होऊन सूक्ष्मजीवांना पचतील अशी साधी आम्ले तयार होतात. पेरॉक्साइडाचे विघटन झाले की ऑक्सिजन मिळतो. परसल्फेट वापरले तर मागे सल्फेट राहते आणि ऑक्सिजन नसलेल्या जागी काही सूक्ष्मजीव श्वसनासाठी त्याचा उपयोग करतात. मात्र मात्रा बेताची हवी. सर्वच विष रसायनाने जाळण्याचा हट्ट धरला तर खर्चही वाढतो आणि मागून येणाऱ्या जीवांची वाटही बिकट होते.

एच-आम्लाच्या घडणीकडे पाहिले असता या सांगडीचे महत्त्व विशेष पटते. त्याचा गाभा नॅफ्थलीनचा, म्हणजे डांबरगोळीतील द्रव्याचा आहे. एकमेकांना जोडलेली कार्बनची दोन वलये, आणि त्यांवर गंधकयुक्त सल्फॉनिक आम्लाचे दोन गट. या गटांमुळे ते पाण्यात विरघळते व पाण्याबरोबर दूर जाते. आणि याच घडणीमुळे सूक्ष्मजीवांना ते सहजासहजी फोडता येत नाही. फेंटनच्या क्रियेने ही वलये उघडता येतात, असे प्रयोगशाळांतील संशोधनाने दाखविले आहे. वलय उघडले की लहान आम्ले उरतात आणि ती सूक्ष्मजीवांचे नेहमीचे खाद्य होत.

हा बदल मोजताही येतो. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य रसायनाने जाळण्यास किती ऑक्सिजन लागतो आणि सूक्ष्मजीव त्यापैकी किती वापरू शकतात, अशा दोन चाचण्या घेतात. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले असता येणारा भागाकार लहान असेल, तर ते पाणी सूक्ष्मजीवांना दुष्पच आहे असे समजावे. रासायनिक क्रियेनंतर तो भागाकार वाढला म्हणजे रसायन थांबवून काम सूक्ष्मजीवांच्या हाती देण्याची वेळ जवळ आली, असा निष्कर्ष निघतो.

काम कसे चालते?

प्रथम भूगर्भाचा नकाशा तयार करतात. कूपनलिका खणून वाळू, चिकणमाती व खडक यांचे थर, पाण्याचा उतार आणि विषाचा पसारा निश्चित केला जातो. नंतर त्याच जागेची माती व पाणी प्रयोगशाळेत नेऊन मातीच किती रसायन गिळते हे मोजतात. त्यानंतर लहानशा भागात चाचणी होते आणि मगच मोठ्या क्षेत्रात कूपनलिकांतून रसायन सोडतात. रसायन शिल्लक नाही आणि आम्लता सौम्य झाली आहे, अशी खात्री पटल्यावर जरुरीप्रमाणे पोषके किंवा ऑक्सिजन पुरविला जातो. पुढे निरीक्षण-विहिरींतून ठराविक काळाने नमुने घेतले जातात. हे शेवटचे काम कंटाळवाणे खरे. पण दडलेले विष परत येते आहे की काय, हे त्यावाचून कळत नाही.

काही धोकेही आहेत. जमिनीत क्रोमियम असेल तर तीव्र ऑक्सिडीकारकामुळे त्याचे विषारी व विद्राव्य असे षट्‌संयुजी रूप तयार होऊ शकते. पुढे सूक्ष्मजीवांनी तेथे क्षपणाची, म्हणजे ऑक्सिडीभवनाच्या उलट परिस्थिती निर्माण केली की ते पुष्कळदा मूळ स्थितीस येते; तरीही तोवर त्यावर लक्ष ठेवणे अवश्य असते. परमँगनेटापासून तयार होणाऱ्या मँगॅनीज डाय-ऑक्साइडाचे कण वाळूतील पोकळ्या बुजवू शकतात. पेरॉक्साइड मोठ्या प्रमाणात सोडल्यास उष्णता व वायू निर्माण होतात. म्हणून हे काम हौसेने किंवा अंदाजाने करण्याचे नव्हे. आपल्या विहिरीत पुडीने रसायन टाकून औद्योगिक विष जाईल, असे कोणीही समजू नये.

नगरांचा प्रश्न

बिछडी हे खेडे होते; परंतु नगरांचीही या प्रश्नातून सुटका नाही. कस्तुरबा गांधी मार्गासारख्या रहदारीच्या कोणत्याही रस्त्याचा विचार केला असता असे दिसते की, शहराला लागणारे पेट्रोल व डिझेल जमिनीत पुरलेल्या टाक्यांत साठविले जाते. टाकीला किंवा तिच्या नळीला बारीकसे छिद्र पडले तर ते वरून दिसत नाही. दिल्लीचा बराच भाग यमुनेने आणलेल्या वाळू-मातीच्या गाळावर वसलेला आहे. अशा जमिनीत गळलेले द्रव्य खाली उतरते आणि भूजलाच्या पृष्ठभागावर पसरते. उंच इमारतींच्या दाटीत माती खणून नेणे शक्य नसते. रस्ता न उकरता, थोड्या कूपनलिकांच्या द्वारे काम करणारी ही जोडपद्धती अशाच ठिकाणी विशेष उपयोगी आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची योजना आखतानाही त्या पाण्याबरोबर तेल व रसायने खाली जाणार नाहीत, याची दक्षता घेतली पाहिजे.

रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सहकार्याने बिघडलेले भूजल पुष्कळ अंशी सुधारता येते, ही आशादायक गोष्ट आहे. परंतु त्या सुधारणेस काळ लागतो आणि पैसाही लागतो. बिछडीत 375 टन रसायनाच्या पायी माती व पाणी सुधारण्याचा अंदाज 3,738.5 लाख रुपयांवर गेला. म्हणजे प्रत्येक टनामागे सुमारे दहा लाख रुपये. आणि हे सांडपाणी तर कारखान्याच्या आवारातच, टाकीत साठवून, याच दोन क्रियांनी शुद्ध करता येण्यासारखे होते. टाकीत रसायन आणि विष यांची गाठ घालून देणे सोपे. जमिनीखाली, अंधारात, कणाकणांच्या पोकळ्यांत त्यांची गाठ घालणे शतपटीने कठीण. जे पाणी अजून निर्मळ आहे त्याचे रक्षण हाच म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय.